संपादक की लेखक? : राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षकाची नेमणूक आणि चाहत्यांचे वाचन

प्रास्ताविक

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय पुरुष संघासाठी थॉमस टुखेल या जर्मन गृहस्थांची नेमणूक जाहीर केली. त्यानंतर साडेनऊ महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२५ रोजी, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांचे नाव जाहीर केले. पहिल्या घोषणेनंतर इंग्लंडमध्ये नाराजीचा सूर उमटला. तेथील एका मोठ्या खपाच्या दैनिकाने तो इंग्लंडसाठी काळा दिवस ठरवला आणि आपल्या संघाला आपल्या देशातला माणूस का मिळू नये, हा प्रश्न चाहत्यांच्या तोंडी बरेच दिवस राहिला. दुसऱ्या घोषणेनंतर मात्र भारतीय फुटबॉलप्रेमींमध्ये पुष्कळ काळाने समाधान दिसले. गोव्याचे साव्हियो मेदेरा २०१२ मध्ये या पदावरून दूर झाल्यानंतर तेरा वर्षे भारतीय संघ परदेशी प्रशिक्षकांच्याच हाती होता.

एकीकडे परका आला म्हणून रोष, दुसरीकडे आपला आला म्हणून हर्ष. वरवर पाहता ही एकाच राष्ट्रभावनेची दोन रूपे वाटतात आणि क्रीडावृत्तांमध्ये त्यांची बोळवण बहुधा तशीच होते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे निराळे आहे. नव्या प्रशिक्षकाविषयीची चाहत्यांची प्रतिक्रिया ही एक प्रकारची समीक्षा असते. तिला स्वतःचे निकष असतात, परंपरा असते, दीर्घ स्मरणशक्ती असते. पण ही समीक्षा एका गैरसमजावर उभी आहे. राष्ट्रीय प्रशिक्षकाला ती संघ नावाच्या संहितेचा लेखक मानते. प्रत्यक्षात त्याचे काम प्रातिनिधिक संग्रहाच्या संपादकाचे असते. हा भेद लक्षात घेतला म्हणजे इंग्लंडचा रोष आणि भारताचा हर्ष यांचा अर्थ बदलतो, आणि दोन्ही ठिकाणी कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला तेही दिसू लागते.

वाङ्मयाच्या अध्यापकाने फुटबॉलवर का लिहावे, अशी शंका काही सहकाऱ्यांनी विषय ऐकताच बोलून दाखवली. वाचकाच्या प्रतिसादाचा विचार आपण आजवर कथा-कादंबऱ्यांपुरताच करीत आलो. हजारोंचा समुदाय नव्वद मिनिटे एकच संहिता वाचतो आणि वाचता वाचता मोठ्याने अभिप्राय देतो. असा वाचक कादंबरीला कोठून मिळणार?

शब्दाचा घोळ आणि पदाचे स्वरूप

प्रथम एका शब्दाचा उलगडा करावयास हवा. मराठी वाचकाला 'व्यवस्थापक' हा शब्द क्रिकेटमधून ठाऊक आहे. संघाबरोबर दौऱ्यावर जाणारा, प्रवास, मुक्काम आणि शिस्त पाहणारा तो गृहस्थ. खेळाशी त्याचा संबंध बेताचाच. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा 'मॅनेजर' म्हणजे मात्र संघाचा सर्वाधिकारी. भारतीय महासंघ त्याच पदाला 'मुख्य प्रशिक्षक' म्हणतो. आपल्या वृत्तपत्रांनी दोन्हींसाठी 'प्रशिक्षक' हा एकच शब्द स्वीकारला. सोयीसाठी तो येथेही वापरला आहे; परंतु राष्ट्रीय संघाच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे, कारण प्रशिक्षण ही गोष्ट त्या पदावरील माणसाला फारच थोडी करता येते.

क्लबचा प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना जवळजवळ रोज भेटतो. कोणता खेळाडू विकत घ्यावा, कोणाला सोडावे, यात त्याचा शब्द असतो. एखादी कल्पना रुजवण्यासाठी त्याच्या हाती अख्खा हंगाम असतो. त्याला लेखक म्हणणे फारसे चुकीचे नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकाची स्थिती उलट आहे. वर्षातून काही ठरावीक आठवडे आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेले असतात. त्यात खेळाडू येतात, दोन सामने खेळतात आणि आपापल्या क्लबांकडे परततात. बचावपटू कमी पडतो म्हणून त्याला परदेशातून बचावपटू आणता येत नाही. त्याला फक्त निवडता येते आणि निवडलेल्यांची मांडणी करता येते.

हे काम कशासारखे आहे? एखाद्या कालखंडाच्या प्रातिनिधिक कवितासंग्रहाच्या संपादनासारखे. असा संग्रह हाती पडला की जाणता वाचक प्रथम अनुक्रमणिका उघडतो आणि कोण आले यापेक्षा कोण राहिले ते पाहतो. मग संपादकाच्या दृष्टीबद्दल, पूर्वग्रहांबद्दल, कंपूबद्दल बोलणे सुरू होते. संपादकाचे कर्तृत्व कमी लेखण्याचे कारण नाही. कोणती कविता कोणत्या कवितेशेजारी ठेवली यानेही अर्थ पालटतो. पण त्याच्यावर एक बंधन असते. त्या काळात लिहिलीच गेली नाही अशी कविता त्याला संग्रहात घेता येत नाही.

इतिहासाचा एक दाखला येथे उपयोगी पडतो. इंग्लंडचे पहिले प्रशिक्षक वॉल्टर विंटरबॉटम १९४६ ते १९६२ अशी सोळा वर्षे त्या पदावर होते. या काळात १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडने अमेरिकेकडून ०-१ अशी हार पत्करली आणि १९५३ मध्ये खुद्द वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे नमवले. आज यांपैकी एकाही निकालानंतर प्रशिक्षक टिकणार नाही. विंटरबॉटम टिकले, कारण संघ निवडण्याचा अंतिम अधिकार त्यांचा नव्हताच. तो संघटनेच्या निवड समितीचा होता. १९६३ मध्ये आलेल्या आल्फ रॅम्से यांनी निवडीचा पूर्ण अधिकार स्वतःकडे घेतला आणि १९६६ मध्ये विश्वचषक जिंकला. समितीचे अनामिक अपयश त्या क्षणी एका माणसाच्या नावावर चढले असे म्हणता येईल. चाहत्यांना वाचण्यासाठी एक चेहरा मिळाला. त्यानंतरचा प्रत्येक नवा प्रशिक्षक हा रॅम्सेंचा वारसदार म्हणून वाचला गेला आणि त्या वाचनात नापास होत गेला.

इंग्लंड : पासपोर्टाचे वाचन

टुखेल हे इंग्लंडचे पहिले परदेशी प्रशिक्षक नव्हेत. तो मान स्वेन-गोरान एरिक्सन या स्वीडिश प्रशिक्षकाचा, आणि चाहत्यांच्या प्रतिक्रियेचा अभ्यास करावयाचा तर त्यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

७ ऑक्टोबर २००० रोजी जुन्या वेम्बलीवरील अखेरच्या सामन्यात जर्मनीने इंग्लंडला १-० असे हरवले आणि केविन कीगन यांनी तेथेच राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस एरिक्सन यांचे नाव जाहीर झाले. प्रतिक्रिया तीव्र होती. जन्मसिद्ध हक्क परक्यांना विकल्याची भाषा झाली. बर्फावर घसरणाऱ्यांचा आणि हातोडाफेक करणाऱ्यांचा देश अशी स्वीडनची संभावना वृत्तपत्रातून झाली. एक चाहता तर जॉन बुलचा पारंपरिक वेष धारण करून संघटनेच्या कार्यालयासमोर निषेधासाठी उभा राहिला. या वेषाकडे हसून दुर्लक्ष करू नये. जॉन बुल ही अठराव्या शतकातील विडंबनलेखनातून जन्मलेली व्यक्तिरेखा. प्रशिक्षकाच्या नेमणुकीवर अभिप्राय देण्यासाठी तिला बोलावले गेले, याचा अर्थ वाद चेंडूच्या खेळाचा उरलेला नव्हता. आपल्यातर्फे कोणी बोलावे, हा तो वाद होता.

पुढे १ सप्टेंबर २००१ रोजी म्युनिकमध्ये एरिक्सन यांच्या संघाने जर्मनीला ५-१ असे हरवले. मायकेल ओवेनने तीन गोल केले. एका रात्रीत वाचन उलटले. एरिक्सन यांची जी अलिप्तता काल परकेपणाची खूण होती, तीच आज शांत बुद्धीची खूण ठरली. २००२, २००४ आणि २००६ अशा तीन मोठ्या स्पर्धांत संघ उपांत्यपूर्व फेरीत अडखळला, तेव्हा ती अलिप्तता पुन्हा थंडपणा झाली. माणूस तोच, स्वभाव तोच. विशेषणे मात्र तीनदा बदलली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा इंग्लंडमधील चाहत्यांनी आपल्या घरचा माणूस गेल्यासारखा शोक केला. टुखेल यांच्या नेमणुकीवरून उठलेले वादळ त्यानंतर दोनच महिन्यांनी आले. एखाद्या समाजाची स्मृती एवढी दीर्घ आणि तिचा उपयोग एवढा तोकडा कसा असू शकतो, याचे नवल वाटते.

परंतु इंग्लंडच्या रोषाला नुसता परद्वेष म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात एक युक्तिवाद होता. राष्ट्रीय संघांची स्पर्धा ही देशांच्या फुटबॉलची स्पर्धा आहे. खेळाडू देशातलेच हवेत, तर त्यांना खेळवणारा बाहेरचा कसा चालेल? शिवाय २०२२ पर्यंतचा एकही पुरुष विश्वचषक परदेशी प्रशिक्षकाच्या संघाने जिंकलेला नाही, हे वस्तुस्थितीला धरून आहे. (यातून जे अनुमान काढले जाते ते मात्र घाईचे आहे. जिंकणाऱ्या देशांकडे प्रशिक्षकांचीही रेलचेल होती, एवढेच त्यातून सिद्ध होते.) युरोपीय स्पर्धेचा इतिहास वेगळे सांगतो, ग्रीसने २००४ चे विजेतेपद ओटो रेहागेल या जर्मन प्रशिक्षकाकडूनच मिळवले. आयर्लंडचे उदाहरण तर अधिकच बोधक आहे. १९८६ मध्ये आयर्लंडने जॅक चार्लटन यांना बोलावले. ते इंग्रज, शिवाय १९६६ च्या विश्वविजेत्या संघातले. आणि इंग्लंड म्हणजे आयर्लंडच्या दृष्टीने काय, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. १९८८ मध्ये त्यांच्या संघाने स्टुटगार्टला इंग्लंडलाच १-० असे हरवले, १९९० मध्ये विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि १९९६ मध्ये आयर्लंडने चार्लटन यांना मानद नागरिकत्व दिले. 'आपला' हे विशेषण जन्माने मिळते तसे निकालानेही मिळते.

ते जन्माने मिळूनही कसे निसटते, हे टुखेल यांच्या आधीच्या काही महिन्यांत दिसले. गॅरेथ साउथगेट हे इंग्रज, माजी इंग्लंड खेळाडू. त्यांच्या संघाने २०१८ ची विश्वचषक उपांत्य फेरी आणि दोन युरोपीय अंतिम सामने गाठले. त्यांच्यावर लंडनच्या नॅशनल थिएटरने २०२३ मध्ये जेम्स ग्रॅहम यांचे नाटक रंगमंचावर आणले. त्याच साउथगेट यांच्या दिशेने जून २०२४ मध्ये कोलोनला स्लोव्हेनियाविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर त्यांच्याच चाहत्यांनी प्लॅस्टिकचे पेले भिरकावले. त्यांच्यानंतर हंगामी म्हणून आलेले ली कार्स्ली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले; पण खेळाडू म्हणून ते आयर्लंडतर्फे खेळले होते आणि सामन्यापूर्वी राष्ट्रगीत म्हणत नसत. सप्टेंबर २०२४ मध्ये डब्लिन येथील सामन्याच्या आधी हाच चर्चेचा मोठा विषय झाला. इंग्लंडने तो सामना २-० असा जिंकला. कोणाला खेळवले आणि कसे खेळवले याची चर्चा त्या मानाने क्षीण राहिली. टुखेल यांनाही पहिल्या सामन्यापूर्वी हाच प्रश्न आला. ते गीत म्हणण्याचा अधिकार आपल्याला अजून मिळवायचा आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. उत्तर चतुर होते. प्रश्न मात्र संपादकाला विचारण्याजोगा नव्हता.

मग विचारण्याजोगा प्रश्न कोणता होता? इंग्लंडमधील सर्वोच्च क्लब स्पर्धा १९९२ मध्ये प्रीमियर लीग या नव्या रूपात सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत एकाही इंग्रज प्रशिक्षकाला ती जिंकता आलेली नाही. इंग्लंडचे सर्वोच्च विजेतेपद मिळवणारे अखेरचे इंग्रज प्रशिक्षक म्हणजे लीड्सचे हॉवर्ड विल्किन्सन, तेही १९९२ चेच. जगातील सर्वांत श्रीमंत लीगला तेहतीस वर्षांत आपल्याच भूमीतला एकही विजेता प्रशिक्षक घडवता आला नाही, ही गोष्ट टुखेल यांच्या पासपोर्टापेक्षा कितीतरी गंभीर आहे. दर शनिवारी चाहते ज्या क्लबांसाठी गळा ताणतात त्या क्लबांनी परदेशी प्रशिक्षक नेमले की त्यांना काही वाटत नाही. उलट क्लबने चांगला जर्मन किंवा स्पॅनिश प्रशिक्षक आणावा, अशीच त्यांची मागणी असते. राष्ट्रीय संघाच्या वेळी मात्र देशाचा मुद्दा उभा राहतो. टुखेल यांनी २०२१ मध्ये चेल्सीला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले तेव्हा त्यांच्या जर्मनपणाची कोणी चौकशी केली नव्हती.

इंग्लंडच्या चाहत्याकडे संग्रहात घेण्याजोगे साहित्य विपुल आहे. मधल्या फळीच्या एकेका जागेसाठी तीन-तीन खेळाडू उभे असतात. अनुक्रमणिकेची चिंता नसल्यामुळेच वाद संपादकाच्या गोत्रावर येऊन ठेपतो. हा समृद्धीचा वाद आहे. टुखेल यांच्या संघाने २०२६ च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता फेरीतील आठही सामने एकही गोल न स्वीकारता जिंकले, आणि वादाचा रंग हळूहळू विनोदाकडे झुकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्सविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यानंतर टुखेल यांनी वेम्बलीचे प्रेक्षक फार शांत होते अशी तक्रार केली. काही दिवसांनी रिगा येथे लाटव्हियाविरुद्ध ५-० असा विजय मिळत असताना तेथवर गेलेल्या इंग्लिश चाहत्यांनी गाण्यांतून त्यांची मनसोक्त थट्टा केली. टुखेल यांनी ती आनंदाने घेतली. ज्याची थट्टा करता येते तो परका उरत नाही, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

'आपला' या शब्दाचे मराठी वजन

भारताकडे वळण्यापूर्वी एक छोटे वळण कोल्हापूरचे घ्यावे लागते, कारण 'आपला' या शब्दाचा फुटबॉलमधील अर्थ मराठी वाचकाला तेथेच सर्वांत चांगला समजतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार किंवा खंडोबा तालमीचा सामना असतो तेव्हा 'आपला' म्हणजे पेठेचा. तालमीतर्फे बाहेरगावचा खेळाडू खेळू लागला की आरंभी कुजबुज होते. त्याने प्रतिस्पर्धी पेठेवर गोल केला की ती थांबते. यात तत्त्वाचा प्रश्न कोणी काढीत नाही. पण पेठेतली पोरे मैदानावर दिसेनाशी झाली तर मात्र जुनी माणसे अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता बाहेरच्या खेळाडूविरुद्ध नसते. ती तालमीविरुद्ध असते. चाहत्यांच्या प्रतिक्रियेचा रोख कोठे असावा याचे हे साधे उदाहरण आहे. राष्ट्रीय पातळीवर नेमका हाच रोख सुटतो.

भारत : न लिहिलेल्या कविता

भारतीय चाहत्याच्या हर्षाची पार्श्वभूमी निराशेची आहे. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. जूनमध्ये विश्वचषक पात्रता फेरीतून बाद झाल्यावर क्रोएशियाचे इगोर स्टिमाच यांना दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ त्याच वेळी एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते. राष्ट्रीय संघ हे जोडकाम म्हणून सांभाळता येते, असे महासंघाला वाटले हीच गोष्ट बरेच काही सांगून जाते. २०२४ हे संपूर्ण वर्ष भारताने एकाही विजयाविना काढले. मार्केझ यांच्या आठ सामन्यांत विजय एकच, मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीववर ३-० असा. आणि त्या सामन्यासाठी निवृत्त झालेल्या, चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्री यांना परत बोलावावे लागले. त्यांनी गोलही केला. चाहत्यांनी त्याचे कौतुक केले, ते स्वाभाविक होते. परंतु नव्या संग्रहासाठी संपादकाला जुन्याच कवीकडे पुन्हा जावे लागते, तेव्हा चिंता कवीच्या वयाची करायची की मधल्या पिढीच्या अभावाची?

जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून हरल्यानंतर मार्केझ गेले. पदासाठी सुमारे १७० अर्ज आले. याच सुमारास एक विलक्षण प्रकरण घडले. स्पेनचे थोर खेळाडू झावी हर्नांडेझ यांचा अर्ज आला असून त्यांचे मानधन परवडणारे नाही म्हणून तो बाजूला ठेवला, अशी बातमी प्रसिद्ध झाली. पुढे महासंघाने झावी आणि पेप ग्वार्दिओला यांच्या नावे आलेले अर्ज खरे नसल्याचे जाहीर केले. बहुतेकांनी या प्रकाराकडे करमणूक म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या वर्षातील भारतीय फुटबॉलवरची ती सर्वांत मार्मिक टीका वाटते. जगातील सर्वश्रेष्ठ संपादकांची नावे एका रिकाम्या हस्तलिखितावर लिहिली गेली, आणि हस्तलिखित रिकामे आहे हे लपून राहिले नाही.

खालिद जमील यांचे नाव अखेर निवडले गेले, तेव्हा त्यामागे भक्कम कारणे होती. कुवेतमध्ये जन्मलेले जमील खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांशी निगडित राहिले. मुंबई एफसी या क्लबचे ते अनेक वर्षे प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, मैदान अनिश्चित, तरी संघ वरच्या श्रेणीत टिकवून ठेवण्याचे काम त्यांनी केले. २०१७ मध्ये त्यांच्या ऐझॉल संघाने आय-लीग जिंकली. ईशान्येतील क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे महासंघाने त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले. त्यांच्या नेमणुकीच्या वेळी सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण निघणे क्रमप्राप्त होते. रहीम यांच्या संघाने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान मिळवले. त्यांच्यावरील 'मैदान' हा चित्रपट २०२४ मध्येच प्रदर्शित झाला होता. भारतीय माणसाने भारतीय संघ घडवला होता, हे स्मरण ताजे होते.

या हर्षात एक सूक्ष्म गल्लत होती. ऐझॉलचे यश हे लेखकाचे यश होते. डोंगराळ राज्यातील एका छोट्या क्लबमध्ये, रोजच्या सरावातून, हंगामभराच्या कष्टातून जमील यांनी ती संहिता ओळ न् ओळ लिहिली होती. चाहत्यांनी प्रेम केले ते त्या लेखकावर, आणि नेमणूक झाली ती संपादकाच्या खुर्चीवर. त्यातही वेळ अशी होती की ज्या लीगमधून निवड करायची तीच थांबली होती. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा प्रश्न न सुटल्यामुळे जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित झाला. जमील यांच्या पहिल्याच शिबिरासाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. रहीम यांच्या काळाशी तुलना करताना हा फरक लक्षात घेतला गेला नाही. त्या काळी दीर्घ शिबिरांत संघ घडवता येत असे. राष्ट्रीय प्रशिक्षक तेव्हा काही अंशी लेखकही होता.

आरंभ चांगला झाला. ताजिकिस्तानमधील मध्य आशियाई स्पर्धेत भारताने यजमानांना २-१ असे हरवले आणि ८ सप्टेंबर रोजी ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. लगेच मार्केझ आणि स्टिमाच यांच्याशी तुलना होऊन देशी प्रशिक्षकाचा सिद्धान्त सिद्ध झाल्याचे जाहीर झाले. काही जणांनी सावध राहावे असे सुचवले. त्यांचे कोणी ऐकले नाही. विजयाच्या दुसऱ्या दिवशी सावधगिरी सांगणारा माणूस समारंभातल्या रडव्या मुलासारखा असतो.

येथे भारतीय चाहत्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार होते. छेत्री यांनी चित्रफितीद्वारे आवाहन केले. आमच्यावर टीका करा, आम्हाला वाटेल ते बोला, पण मैदानावर येऊन बोला, असा त्याचा आशय होता. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. समीक्षेचा अधिकार संहिता वाचण्यापासून सुरू होतो, हे साहित्याच्या वर्गात आपण दरवर्षी सांगतो. एका खेळाडूने ते मिनिटभरात पटवून दिले. त्या पावसाळी संध्याकाळी आलेला प्रेक्षक प्रशिक्षक कोण आहे हे पाहून आला नव्हता. (तेव्हा स्टीफन कॉन्स्टंटाइन हे इंग्रज प्रशिक्षक होते आणि त्यांच्या इंग्रजपणाविषयी त्या गर्दीला काहीही म्हणायचे नव्हते.) अशा प्रेक्षकाचा प्रश्न साधा असतो : खेळ चांगला होईल का, आणि पुढचा सामना कधी आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा सामना सिंगापूरशी होता. आशियाई चषकाची वाट त्या सामन्यावर अवलंबून होती. कोलासो आणि मेदेरा असे दोन राष्ट्रीय प्रशिक्षक गोव्याने दिले. तेथील प्रेक्षक फुटबॉल जाणतो. लालियानझुआला छांगटे याने सुरुवातीलाच सुरेख गोल करून आघाडी मिळवून दिली. सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन गोल केले आणि भारत १-२ असा हरून २०२७ च्या आशियाई चषकातून बाद झाला. दुसऱ्या दिवसापासून बोलणे पुन्हा प्रशिक्षकावर आले. यालाच का खेळवले, त्याला का बसवले, बदल उशिरा का केले; आणि ऑगस्टमध्ये ज्यांनी देशी माणसाचे स्वागत केले होते त्यांच्यापैकीच काहींनी आता परदेशी माणूस बरा होता असे म्हणावयास आरंभ केला. निवडीसंबंधीचे प्रश्न रास्त होते. संपादकाला ते विचारलेच पाहिजेत. पण त्या रात्री निळा पोशाख घालून मैदानात उतरलेल्या बहुतेक खेळाडूंना आपल्या क्लबचा पुढचा लीग सामना कोणत्या महिन्यात होणार, हे ठाऊक नव्हते.